बंगाल-नागपूर रेल्वे
बंगाल-नागपूर रेल्वे : मुंबई व कलकत्ता ही भारताची दोन सागरतीरे नागपूरमार्गे जोडणारी ब्रिटिशकालीन रेल्वे कंपनी. तिची स्थापना १८८७ मध्ये लंडन येथे झाली. महाराष्ट्रातील गोंदिया हे या मार्गावरील एक प्रमुख प्रस्थानक असून त्या शहराची वाढ मुख्यत्वे या कंपनीच्या लोहमार्गांमुळे झाली.

मुंबई–कलकत्ता हा पहिला सलग लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर–अलाहाबादमार्गे पूर्ण झाला. परंतु तो वळसा घेऊन जाणारा होता. ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ रेल्वे १८६७ मध्येच नागपूरपर्यंत आली होती. तेथून पूर्वेस, भाताचे कोठार मानल्या जाणाऱ्या छत्तीसगढकडे नागपूर–छत्तीसगढ हा मीटरमापी मार्ग सरकारने बांधला व तो १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचला. तिरोडा, गोंदिया, आमगाव व सालेकसा ही स्थानके याच मार्गावर येतात. सालेकसाच्या पूर्वेस दरेकसाच्या डोंगराळ वनप्रदेशातून तो छत्तीसगढात उतरतो.

बंगाल-नागपूर कंपनीने हा मार्ग आपल्याकडे घेऊन रुंदमापी केला आणि बिलासपूरमार्गे पूर्वेकडे वाढविला. १८९१ मध्ये तो आसनसोलपर्यंत पूर्ण झाला आणि १९०० मध्ये खरगपूरमार्गे हावड्याशी जोडला गेला. मुंबई–हावडा हे नागपूरमार्गे अंतर सु. १,९६८ किमी. आहे. अमेरिकेत १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या खंडपार मार्गाच्या कंपन्यांना सरकारने विस्तीर्ण जमिनी दिल्या होत्या. भारतात मात्र कंपन्यांच्या भांडवलावरील व्याजाची हमी सरकारने घेतली. परिणामी मार्गाच्या तोट्याचा भार भारतीय महसुलावर, म्हणजे पर्यायाने येथील करदात्यांवर पडे, आणि व्याज लंडनमधील भागधारकांना मिळे. दुष्काळात बाहेरचे धान्य आणण्यास हे मार्ग उपयोगी पडले. परंतु सुकाळात स्थानिक धान्य दूरच्या बाजारपेठांत जाऊ लागल्याने गावोगावचे साठे कमी होत गेले, हीही त्यांची दुसरी बाजू होय.

मुख्य मार्गाला माल पुरविण्यासाठी कंपनीने ७६२ मिमी. (अडीच फूट) रुंदीचे अरुंदमापी फाटे काढले. अशा मार्गांना वळणे तीव्र चालतात, खोदकाम व पूल यांचा खर्च कमी येतो. म्हणून सातपुड्याच्या डोंगराळ प्रदेशास ते सोयीचे ठरले. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान गोंदियाहून बालाघाट–नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत असा मार्ग सुरू झाला. १९०८ च्या सुमारास दक्षिणेस नागभीडकडे दुसरा मार्ग निघाला व तो पुढे चांद्यास (आताचे चंद्रपूर) जोडण्यात आला. सौंदड व अर्जुनी (मोरगाव) ही स्थानके या दुसऱ्या मार्गावरील होत.

मापांतील या फरकामुळे फाट्यांवरून येणारा भात, इमारती लाकूड, तेंदूपाने, मँगॅनीज इ. माल गोंदियास एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. कंपनीच्या दृष्टीने हा खर्च व विलंब होता. गोंदियाच्या दृष्टीने मात्र तोच उपजीविकेचा आधार ठरला. गोदामे, भातगिरण्या, अडते, विडी कारखाने आणि हमाल यांची वस्ती स्थानकाभोवती वाढली. जवळची तिरोडा व आमगाव ही स्थानके त्याच मुख्य मार्गावर होती. परंतु सातपुडा व चांदा या दोन्ही दिशांचे फाटे गोंदियासच मिळत असल्यामुळे व्यापार तेथे एकवटला.

कंपनीचे मुख्य कार्यालय कलकत्त्यास गार्डन रीच येथे व मोठी कर्मशाळा खरगपूर येथे होती. खरगपूर येथे १९२७ मध्ये कामगारांचे मोठे संप झाले. पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हे या मार्गावरील कामगार चळवळीचे एक प्रमुख नेते होते. रायपूर–विजयानगरम् मार्ग (१९३१) व विशाखापटनम् बंदर (१९३३) यांमुळे मध्य प्रांतातील खनिजांस समुद्राकडे जाण्याची जवळची वाट मिळाली.

१ ऑक्टोबर १९४४ रोजी सरकारने या रेल्वेचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत समाविष्ट झाली. १९५५ मध्ये तीतून दक्षिण-पूर्व रेल्वे वेगळी झाली आणि २००३ मध्ये बिलासपूर मुख्यालय असलेल्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेकडे गोंदियाचा भाग गेला. दरम्यान १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला.

चंद्रपूरकडील मार्गाचे रुंदमापीत रूपांतर १९९० नंतरच्या दशकात, तर जबलपूरकडील मार्गाचे टप्प्याटप्प्याने होऊन २०२१ पर्यंत पूर्ण झाले. त्यामुळे उत्तर व दक्षिण भारत जोडणारा एक सलग मार्ग गोंदियावरून उपलब्ध झाला. माल उतरवून पुन्हा भरण्याची गरज मात्र संपली आणि ज्या अडचणीमुळे हे शहर वाढले, ती अडचण इतिहासजमा झाली. सातपुड्यातील अरुंदमापी रेल्वेची जुनी इंजिने व डबे नागपूर येथील मोतीबागेतील रेल्वे संग्रहालयात जतन करण्यात आले आहेत.