मीटरही मापच

रमजानमध्ये केलेल्या उमऱ्याचा सवाब हजच्या बरोबरीचा असल्याचे हदीसमध्ये आले आहे. म्हणून या महिन्यात मक्केला जाण्याची ओढ वेगळीच असते. विमानाचे तिकीट, व्हिसा आणि हॉटेल असे ‘पॅकेज’ आता भिवंडी-कल्याणच्या एजंटाकडून मोबाइलवर येते. त्यामुळे शहापूरजवळच्या शेणव्यासारख्या गावातल्या घरालाही मक्का पूर्वीइतकी लांब वाटत नाही. भाताचे पैसे, मुलाच्या पगारातली बचत, मोडलेला एखादा दागिना असे सगळे जमवून घरातल्या साठी ओलांडलेल्या आईला पाठवले जाते. पॅकेजच्या रंगीत कागदावर एक ओळ ठळक असते: हरम शरीफपासून 500 मीटर.

मक्केत उतरल्यावर मात्र पुष्कळांना वेगळेच हॉटेल दिसते. कागदावरच्या हॉटेलचे नाव कुणी घेत नाही. बस मिसफलाच्या पार टोकाला, कधी कुदईकडे, कधी थेट अजीजियात थांबते. खोलीत चारच्या जागी पाच-सहा खाटा असतात. नवरा एका खोलीत आणि बायको अनोळखी बायकांसोबत दुसऱ्या मजल्यावर, असेही होते. लिफ्टसमोर रांग, बाथरूमसमोर रांग. हे सगळे माणूस सोसतो. बंदगीसाठी आलेल्याला मऊ गादीची हौस नसते.

सोसत नाही ते अंतर. हॉटेल दोन किलोमीटरवर असेल, तर पाच वेळच्या नमाजसाठी जाऊन-येऊन 20 किलोमीटर होतात. उमऱ्यात सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचेच तीन किलोमीटरहून अधिक चालणे असते, तवाफ वेगळा. वर रोजा. शटल बस आहे असे सांगितलेले असते, पण रमजानच्या गर्दीत हरमजवळचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि बस अलीकडेच सोडून देते. गुडघे दुखणारी खाला दोन दिवस जिद्दीने चालते. तिसऱ्या दिवशी जोहर खोलीत, चौथ्या दिवशी तरावीहही खोलीत. आयुष्यभर ज्या काब्याकडे तोंड करून नमाज पढली, त्याच्या शहरात येऊन ती खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत पाहत बसते. शेवटच्या दहा रात्रींत, ज्यांत शब-ए-कद्र शोधायची, तिचा मुक्काम खाटेवर असतो.

तक्रार केली की उत्तर ठरलेले असते. खाला, सब्र करा, हा इम्तिहान आहे. एखादा एजंट तर मसलाही सांगतो: एका नमाजचा लाख पटींचा सवाब पूर्ण हरम हद्दीत मिळतो, असे अनेक उलेमांचे मत आहे, मग खोलीत पढली तरी काय बिघडले? मत खरोखरच आहे. पण ते थकलेल्या जीवाच्या दिलाशासाठी आहे, 500 मीटरचे पैसे घेऊन दोन किलोमीटरवर ठेवणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे.

कुरआनात मापात खोट करणाऱ्यांवर एक अख्खी सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. मशिदीत ती ऐकताना डोळ्यांपुढे वाण्याचा तराजू येतो. मीटरही मापच आहे. सूरह माइदाची सुरुवातही करार पाळण्याच्या आज्ञेने होते. सब्र करणाऱ्याने करावा. पण तो दुसऱ्याला विकायचा माल नाही. आणि शहापूर तालुक्यातल्या बाईला अंतर कुणी शिकवू नये. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि इथल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन चालतात. एक किलोमीटर म्हणजे काय, हे इथे पायांना ठाऊक आहे.

मक्केतला मुक्काम नेहमीच असा बाजाराच्या हाती नव्हता. हैदराबादचे निजाम, भोपाळची रियासत यांनी तिथे आपल्या भागातल्या हाजींसाठी रुबात बांधले. हे वक्फचे मुसाफिरखाने, भाडे नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्याच भावनेने उभा राहिला. हजची जहाजे 1995 मध्ये बंद होईपर्यंत किती हाजींचा पहिला मुक्काम तिथे पडला असेल! सोय साधीच होती, पण फसवणूक नव्हती. आज हरमसमोर 601 मीटर उंचीचा घड्याळ मनोरा आहे आणि त्याच्या पायथ्याच्या खोल्यांचे रमजानमधले दर सामान्य घराच्या आवाक्यात नाहीत. कमी पैशांत लांब राहणे यात गैर काही नाही. अनेक प्रामाणिक एजंट ते आधीच स्पष्ट सांगतात आणि लोक आनंदाने जातात.

गावी परतल्यावर आबे जमजम आणि खजूर वाटले जातात. कसे झाले, असे विचारले की अल्हम्दुलिल्लाह. खोलीचा विषय निघत नाही. बोललो तर उमऱ्याचा सवाब कमी होईल, ही भीती. या गप्प बसण्यामुळेच पुढच्या वर्षी शेजारची फुफी त्याच एजंटाकडे पैसे भरते.

खरे तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते. शेणव्याच्या माणसाला त्यासाठी ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, तक्रार ऑनलाइनही करता येते, आणि सल्ल्यासाठी 1915 हा क्रमांक आहे. हज कमिटीकडे मात्र जाऊन उपयोग नाही, तिचे काम हजचे. लागतो तो पुरावा: पैसे भरल्याची पावती, तो रंगीत कागद, एजंटाचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, मिळालेल्या हॉटेलच्या पाटीचा फोटो. त्याआधीची खबरदारी आणखी सोपी. पैसे भरतानाच पावतीवर हॉटेलचे नाव, एका खोलीत किती माणसे आणि हरमपर्यंतचे चालत जायचे अंतर लिहून घ्यावे. नकाशात ते हॉटेल घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून शोधून घ्यावे. ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द पावतीवर दिसले, तर ते खोडायला सांगावे आणि एजंट खोडतो का ते पाहावे.