दीपावलीचा गृहोद्योग आणि वीस सेकंदांचे आख्यान

दीपावलीचे वेध लागले, की घराघरांतून भाजणीचा खमंग वास दरवळू लागतो. पूर्वी हा फराळ घरच्यांसाठी होई आणि पाडव्याला झाकल्या ताटातून शेजारच्या चार घरी जाई. आता त्याला बाजार लाभला आहे. त्या बाजाराने कित्येक सुगरणींच्या संसारास हातभार लावला, याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु बाजार म्हटला की पुकारा आला, आणि आजचा पुकारा मोबाइलच्या पडद्यावरून होतो. रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी बसून कीर्तने करणाऱ्या आम्हांस या विषयाचे काय, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे: समोर बसलेला श्रोता उठून जाऊ नये, ही चिंता आम्ही चाळीस वर्षे वाहिली आहे.

हा विषय आमच्यापुढे आला तो मिहानच्या निमित्ताने. नागपूरच्या दक्षिणेस, विमानतळाला लागून हा प्रकल्प पसरला आहे. 2002 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे त्याची धुरा आहे. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या भागातील शेतजमिनी त्यात गेल्या. जेथे तूर आणि कपाशी डोलत होती तेथे आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. 2019 च्या मार्चमध्ये खापरीपर्यंत मेट्रो धावू लागली, आणि 11 डिसेंबर 2022 रोजी एम्सच्या भव्य रुग्णालयाचे लोकार्पण झाले. येथे दिवसपाळी, रात्रपाळी करणारी तरुण मंडळी दूरदूरच्या गावांहून आलेली. त्यांना घरच्या चवीची ओढ आहे. मात्र त्यांच्या वाहनांची वाट गावच्या गल्लीतून जात नाही. गल्लीतल्या माउलीने दारावर कितीही सुबक पाटी लावली तरी ती त्यांच्या दृष्टीस पडायची कशी?

अशा वेळी आम्हांस दादासाहेब फाळके आठवतात. त्र्यंबकेश्वरी 1870 साली शास्त्र्यांच्या घरी जन्मलेला हा पुरुष भारतीय चित्रपटाचा जनक म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तथापि 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्याआधी त्यांनी एक इवलीशी चित्रफीत केली होती, ती फारशी कोणी आठवीत नाही. 1912 साली ते विलायतेहून यंत्रसामग्री घेऊन परतले, पण भांडवल देण्यास कोणी धजेना. त्यांनी काय करावे? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर दररोज एकेक चित्र टिपले. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढू लागतो, असा महिन्याचा खेळ मिनिटाभरात डोळ्यांपुढे उलगडला. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. ती पाहूनच काही मंडळींनी कर्जाऊ पैसा दिला. दादासाहेबांनी आपल्या विद्येची थोरवी सांगणारे व्याख्यान दिले असते, तर ऐकणाऱ्यांनी मान डोलावून घरचा रस्ता धरला असता. त्यांनी वेल वाढताना दाखविला. छोट्या जाहिरातीचे सारे शास्त्र आम्हांस या एका कुंडीत दिसते.

दुसरे उदाहरण तर आपल्या नागपूरशी नाते सांगणारे. केशव विष्णु पेंढरकर हे नागपुरातील किराणा दुकान सोडून मुंबईस गेले, आणि 1952 साली परळच्या लहानशा घरात त्यांनी विको हा उद्योग आरंभिला. स्वयंपाकघर हाच कारखाना! दंतमंजन घेऊन मंडळी दारोदार फिरली. पुढे हळदीची मलई आली, आणि चित्रपटगृहांतून तिचे गाणे घुमू लागले. 1976 च्या आरंभी दूरदर्शनने जाहिराती घेण्यास सुरुवात केली, आणि 1984 च्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेचे प्रायोजकत्व विकोने घेतले, तेव्हा तर ते गाणे मुलांच्या तोंडी पाढ्यांसारखे बसले. त्या जाहिरातीत सांगितले काय? हळद. जी प्रत्येकाच्या देवघरात, स्वयंपाकघरात आणि लग्नमंडपात आहे, तीच. हे सौंदर्यप्रसाधन नसून आयुर्वेदाचे औषध आहे, असे ते गाणे म्हणे. आणि अबकारी कराच्या वादात कंपनीने न्यायालयातही हेच सांगितले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल तिच्या बाजूने लागला. पडद्यावर बोललेला शब्द न्यायाधीशांसमोर उच्चारण्याची छाती किती जाहिरातदारांस असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. खापरीकडच्या एका कुटुंबात आमचे कीर्तनाच्या निमित्ताने जाणे-येणे आहे. शेत प्रकल्पात गेले, मोबदल्यातून घर झाले, आणि सूनबाईंनी बचत गटाचे कर्ज काढून फराळाचा उद्योग मांडला. गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी त्यांच्या मुलाने जाहिरातीची चित्रफीत करून आम्हांस दाखविली. प्रथम गणपतीची तसबीर, मग लक्ष्मीची, मग दिवंगत आजोबांची, मग उद्योगाचे नाव फिरत फिरत आले, मग पत्ता. आणि दीड मिनिट संपत आले तेव्हा कोठे चकलीचे दर्शन घडले. भाव उत्तम, पण कीर्तनात पूर्वरंगाचे नमन आम्हांस शोभते, कारण श्रोता दोन घटका बसायच्या तयारीने आलेला असतो. मोबाइलवरचा श्रोता दारातून डोकावून जाणारा आहे. त्याच्यापुढे थेट आख्यानच लावले पाहिजे. देवास नमस्कार करावा तो चित्रीकरणापूर्वी, देवघरात.

मुलाने दुसऱ्यांदा केले ते असे. पहिल्याच क्षणी सोऱ्यातून उतरलेली चकली उकळत्या तेलात पडते आणि चर्र असा आवाज उठतो. पुढे आईचे हात आणि झाऱ्यावरची सोनेरी चकली. मग ती मोडल्याचा कुरकुर आवाज. शेवटी आईचा चेहरा आणि एक वाक्य, तेही आपल्या वऱ्हाडी वळणाचे: पाळी सुटताना फाटकापाशी डबा आणून देतो, म्हणून. वीस सेकंदांत आटोपले.

साधने म्हणाल तर मुलाचा मोबाइल तेवढा. तो उभाच धरावा, कारण पाहणारा उभाच धरतो. हात कापतो, म्हणून पितळी डब्याला टेकवून ठेवावा. सकाळच्या उन्हात खिडकी बाजूला घेऊन चित्रण केले, तर वेगळे दिवे नकोत. डोक्यावरचा पंखा बंद करावा, नाहीतर त्याचा घरघराट तळणीचा आवाज गिळतो. अनेकजण बसमध्ये, मेट्रोत आवाज बंद ठेवून पाहतात. म्हणून वस्तूचे नाव, किंमत आणि दूरध्वनी क्रमांक ठसठशीत देवनागरीत पडद्यावर उमटवावेत. कीर्तनात मागच्या रांगेतल्या आजोबांस ऐकू आले पाहिजे, तसेच हे. एका चित्रफितीत एकच पदार्थ घ्यावा. चकली, चिवडा, अनारसे, करंजी असे सारे ताट एकदम वाढले की पाहणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही. अनारशाची चित्रफीत दुसऱ्या दिवशी करावी. पाठीमागे चित्रपटातील गाणे चिकटवू नये. ते दुसऱ्याच्या मालकीचे असते. परवानगीवाचून धंद्यासाठी वापरल्यास ध्वनी बंद पाडला जातो. तळणीच्या आवाजाला गाण्याची गरजही नाही.

पैसे देऊन जाहिरात पसरवायची झाली, तर फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर नकाशातील एक ठिकाण निवडून भोवतालच्या काही किलोमीटरपुरतीच ती दाखविता येते. पुण्याच्या माणसाला खापरीची चकली दाखवून उपयोग काय? मिहान, वर्धा मार्ग आणि लगतच्या वसाहती एवढेच वर्तुळ त्या मुलाने आखले.

आमचा विशेष आग्रह होता तो शब्दांच्या बाबतीत. एका हितचिंतकाने सुचविले, 'मधुमेहींस निर्धास्त, साखर वाढत नाही' असे लिहा, खप दुप्पट होईल. सूनबाईंचे हप्ते थकले होते. मोह पडणे स्वाभाविक होते. आम्ही म्हटले, कोणी वृद्ध त्या वचनावर विसंबून डबा संपवील, त्याचे काय? सूनबाईंनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली. कायदाही येथे कठोर आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मिहानमध्येच ज्या पतंजली समूहाच्या अन्न व वनौषधी उद्यानाचे 2025 च्या मार्चमध्ये उद्घाटन झाले, त्या समूहाच्या धुरीणांस 2024 साली औषधांच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयापुढे बिनशर्त क्षमा मागावी लागली आणि ती वृत्तपत्रांतून छापावीही लागली. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर एका कढईच्या उद्योगाने किती जपावे!

मग विश्वास बसावा तरी कशाने? आमच्या रामटेकशी ज्याचे नाते सांगितले जाते त्या 'मेघदूता'त यक्ष मेघाकरवी निरोप धाडतो, आणि निरोपाच्या अखेरीस पत्नीलाच ठाऊक असलेला एक खाजगी प्रसंग सांगतो. दूत खरा, हे तिला त्या खुणेवरून पटावे, ही योजना. जाहिरातीतही अशी एक खूण हवी, जी दुसऱ्यास उसनी घेता येत नाही. या घरी ती सापडली: सासूबाईंच्या काळचा पितळी सोऱ्या, ज्याची मूठ झिजून चपटी झाली आहे. ती मूठ चित्रफितीत दोन क्षण दिसते. त्याविषयी एक शब्दही बोललेला नाही. तरी डबा घेण्यास आलेल्या मुलींनी पहिला प्रश्न विचारला तो त्या सोऱ्याचाच. धनत्रयोदशीपर्यंत भाजणी दोनदा दळावी लागली आणि थकलेला हप्ता पाडव्यापूर्वी भरला गेला.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. मागणी नोंदविण्याची शेवटची तारीख चित्रफितीतच लिहावी, आणि भाऊबीज उलटताच ती काढून घ्यावी. या घरी ते राहून गेले, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सूनबाई रिकाम्या डब्यांकडे पाहत दूरध्वनीवर उत्तरे देत होत्या.