घमेल्यापासून थापीपर्यंत



मागल्या उन्हाळ्यात खरीपपूर्व सभेसाठी एका गावी गेलो होतो. सोयाबीनच्या उगवणशक्तीची चाचणी घरच्या घरी कशी घ्यावी, हे सांगून झाले. शंका विचारा म्हटल्यावर मागे बसलेली एक बाई उठली. म्हणाली, "सायेब, बियाण्याचं समजलं. पर बाईमाणसाला गवंडीकाम कुठं शिकवत्यात, ते सांगता का?"

सभा हसली. बाई मात्र उभीच राहिली.

सभा संपल्यावर चौकशी केली. दीड एकर कोरडवाहू जमीन, नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शाळेत. शेतातले काम सरले की ती बांधकामावर घमेली वाहते. आठ वर्षे झाली. "माल मी कालवते, विटा मी देते, भिंतीला पाणी मी मारते. मजुरी मात्र गवंड्याच्या निम्म्यानं. थापी बाप्यानंच धरावी, असं कुठं लिवलंय का?"

मला हसू आले नाही, याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. घरे दगडमातीची होती. भिंती चांगल्या जाड, पण त्यांचा आतला व बाहेरचा थर एकमेकांना सांधलेला नव्हता. मध्ये नुसती भर, आणि वर मातीचे जड धाबे. जमीन हलताच भिंती फुगल्या, उकलल्या आणि धाबे माणसांवर आले.

मी तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होतो. मदतीसाठी गेलो आणि पुढेही सुटीत जात राहिलो. ५२ गावे नव्याने वसवण्यात आली. याखेरीज शेकडो गावांत जुनी घरे दुरुस्त व मजबूत करायची होती. त्या कामी गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांना हाताशी धरले. कालपर्यंत खुरपे चालवणाऱ्या या बायका भिंतीचे शास्त्र शिकल्या. दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीला, आणि आडव्या अंगाने चार-चार फुटांच्या आत, आरपार जाणारा लांब दगड बसवायचा. दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून घराला चहूबाजूंनी सळई घातलेल्या काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. या गोष्टी त्या शेजारणींनाही समजावू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा त्यांच्यापैकी काही जणी तिकडच्या बायकांना धीर द्यायला व अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या.

मुलगा इंजिनिअर झाला तरच तो बांधकामाच्या धंद्यात शिरला, असे आपण समजतो. वस्तुतः या धंद्याला अनेक दारे आहेत, आणि एक दार थेट शेताच्या बांधावरून जाते. पाणी कोणीकडे उतरेल, हे शेतकऱ्याच्या नजरेला कळते. सरी सरळ धरणाऱ्या हाताला विटांची ओळ अवघड नाही. रोप लावल्यावर पाणी चुकवू नये, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला सिमेंटचे कामही निदान सात दिवस, आणि कडक उन्हाळ्यात दहा दिवस, ओले ठेवावे, हे पटवून द्यावे लागत नाही. उणीव असते ती ओळंबा, पाणसळ व गुण्या वापरण्याच्या सरावाची. ती शिकून भरून निघते.

शिकायचे कुठे? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये गवंडीकामाचा अभ्यासक्रम असतो. तो आपल्या तालुक्यात आहे का, ते विचारावे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये प्रत्यक्ष घर बांधता बांधता गवंडी घडवणारे ४५ दिवसांचे प्रशिक्षणही आखलेले आहे. त्याची चौकशी पंचायत समितीत करावी. शिवाय वय १८ ते ६० असेल आणि मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. म्हणून किती दिवस, कोणाकडे काम केले, ते वहीत तारखेनिशी टिपून ठेवा. आपण पिकाची नोंद ठेवत नाही, तशीच मजुरीचीही ठेवत नाही, आणि दोन्हींत नुकसान आपलेच होते.

आणखी एक. ओले सिमेंट कातडी खाते. हातमोजे घाला, आणि अंगाला लागलेला माल सुकू न देता भरपूर पाण्याने धुवा.

हे सारे मी त्या बाईला सांगितले. प्रशिक्षणाची तुकडी निघेपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. ज्याच्या हाताखाली ती घमेली वाहायची, त्या म्हाताऱ्या गवंड्याला मी भेटलो. बराच वेळ तो तंबाखू मळत बसला. शेवटी म्हणाला, "गोठ्याची आडभिंत हाय. ती बांधू द्या तिला. चुकली तर ढोरं काय बोलत न्हाईत."

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा ती भिंतीपाशीच होती. तीन फूट चढली होती. तिने ओळंबा सोडला. भिंत वरच्या अंगाला बोटभर बाहेर गेली होती. गवंडी म्हणाला, "गोठ्याला चालतंय." ती काही बोलली नाही. वरचे चार थर तिने आपल्या हातांनी उतरवले, विटा खरवडून पाण्यात टाकल्या आणि पुन्हा दोरी बांधली.

गवंड्याने माझ्याकडे पाहिले. मग उठून त्याने घमेले उचलले आणि तिला माल आणून दिला.