शिसपेन्सिलीतले शिसे

लहानपणी पेन्सिलीचे टोक जिभेला लावले की घरातील वडीलधारी माणसे 'अरे, शिसे विषारी असते!' म्हणून दटावीत, हे पुष्कळांना आठवत असेल. शिसे विषारी खरे. पण पेन्सिलीच्या काळ्या कांडीत ते नसतेच. मग 'शिसपेन्सिल' हे नाव आले कोठून? आपल्याकडे ते इंग्रजी 'लेड पेन्सिल'वरून आले. परंतु या घोटाळ्याची खरी गंमत पाहावयाची तर जर्मन भाषेकडे वळावे लागते.

जर्मन लोक पेन्सिलीला 'ब्लायश्टिफ्ट' म्हणतात. 'ब्लाय' म्हणजे शिसे, 'श्टिफ्ट' म्हणजे बारीक खुंटी वा कांडी. विग्रह सोपा दिसतो, पण तो फसवा आहे. या शब्दाचे जुने रूप 'ब्लायव्हाइसश्टिफ्ट'. 'व्हाइस' म्हणजे पांढरे, आणि 'ब्लायव्हाइस' म्हणजे शिशापासून होणारा, रंगाऱ्यांच्या परिचयाचा सफेता! काळी रेघ उमटविणाऱ्या वस्तूला पांढऱ्या रंगाचे नाव मिळाले, कारण त्या काळी ग्राफाईटलाही लोक ब्लायव्हाइसच म्हणू लागले होते. पुढे मधले पद गळाले. आपल्या मध्यमपदलोपी समासाचा हा दूरचा भाऊबंद म्हणावा. मात्र 'पुरणपोळी'तील 'भरून केलेली' हे शब्द समासात कधी उच्चारले जात नव्हते; येथे बोलण्यातले पदच झिजून गेले.

मुळात चूक झाली ती अशी. शिशाच्या कांडीने पोथ्यांवर रेघा आखण्याची चाल युरोपात जुनी होती. 16व्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे शुद्ध ग्राफाईट सापडले. त्याची रेघ शिशाहून काळीभोर. तेव्हा हा शिशाचाच एखादा प्रकार असावा, असे लोकांनी मानले. स्वीडनमधील रसायनज्ञ शेले याने 1779 मध्ये हा पदार्थ म्हणजे कार्बन असल्याचे दाखविले. 1789 मध्ये वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याला ग्राफाईट हे नाव दिले. खनिजाचे नाव सुधारले. पेन्सिलीचे मात्र जर्मनांच्या घरोघर 'ब्लायश्टिफ्ट'च राहिले.

वडीलधाऱ्यांची दटावणीही अगदीच अनाठायी नव्हती म्हणा. पूर्वी पेन्सिलीच्या लाकडावर चढविलेल्या रंगात शिसे असू शके, आणि मुले टोकापेक्षा मागची बाजूच अधिक चघळीत.