लेंकराची खिचडी : हलकी असावी, पाणचट नसावी

मूग खळ्यावर आला कीं आपणां शेतकऱ्यांचें लक्ष बाजारभावाकडे लागतें, व तें योग्यच आहे. परंतु त्याच मुगाचा एक लहानसा वाटा घरांतील तान्ह्या लेंकराचा आहे, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणीं विसरली जाते. आमचें आयुष्य महसूल खात्यांत पीकपाहणीचे कागद लिहिण्यांत गेलें. ज्याच्या नांवावर मुगाचा पेरा आम्हीं नोंदला, त्याच्याच ओसरीवर वर्षाचें मूल चहांत बिस्किट बुडवून खातांना आम्हीं अनेकदां पाहिलें. म्हणून हे चार शब्द.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं आमच्या घरची चूक सांगतों. आमचा नातू नऊ महिन्यांचा असतां त्यास ढाळ लागले. चार दिवसांनीं ते थांबले. परंतु "पोट नाजूक आहे, हलकेंच द्या" असा हुकूम आम्हीं सोडला आणि तीन आठवडे मूल पातळ पेजेवर ठेवविलें. सूनबाईनें एके दिवशीं वजनाचा तक्ता मुकाट्यानें आमच्यापुढें ठेवला. वजन उतरलें होतें. डॉक्टरांनीं एवढेंच विचारलें, "पेजेंत तांदूळ किती व पाणी किती?" आम्हांस उत्तर देतां येईना. जन्मभर आंकडे जुळविले, पण वाटींतील हिशेब चुकला. तान्ह्याचें पोट लहान. तें पाण्यानेंच भरलें तर अन्नास जागा कोठून राहणार?

आयुर्वेदानें हा विचार पूर्वींच केलेला आहे. मंडास तांदळाच्या 14 पट पाणी, तर विलेपीस 4 पट, असें प्रमाण सांगितलें आहे. प्रथम पातळ, मग क्रमाक्रमानें दाट, असा हा जिना आहे. आम्हीं नातवास पहिल्याच पायरीवर बसवून ठेवलें. दुसरें असें कीं, भावप्रकाशांत कृशरा, म्हणजे खिचडी, बल देणारी खरी, पण पचण्यास जड म्हटली आहे. तेव्हां खिचडी केवळ नांवानें हलकी होत नाहीं. ती हलकी होते ती मुगाच्या डाळीनें, मंद शिजविण्यानें व नीट घोटण्यानें. पाणी वाढविण्यानें नव्हे.

आतां कृति. जुना तांदूळ अर्धी वाटी व सालें काढलेली मुगाची डाळ पाव वाटी घ्यावी. दोन्हीं धुऊन अर्धा तास भिजवावीं. पातेल्यांत चमचाभर तूप, चिमूटभर जिरें, किंचित् हिंग व हळद घालून त्यावर तांदूळ-डाळ परतावी आणि चार-साडेचार वाट्या कढत पाणी ओतावें. मंद आंचेवर दाणा बोटानें सहज चिरडेपर्यंत शिजूं द्यावें, मग पळीनें घोटावें. खिचडी चमच्यावर ठरली पाहिजे. ओघळून गेली तर ती पेजच समजावी. वाढतांना अर्धा चमचा तूप घालावें. मूल आठ-नऊ महिन्यांचें झालें कीं घोटणें कमी करावें आणि लाल भोपळा किंवा पालक त्यांतच शिजवावा.

तांदळाच्या प्रथिनांत लायसीन हें द्रव्य कमी असतें, तें डाळींत पुष्कळ; डाळींत मेथिओनीन कमी, तें तांदळांत बरें. एकाची तूट दुसरें भरून काढतें.

कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें पाळाव्या. सहा महिने पुरे होईपर्यंत आईचेंच दूध द्यावें. पुढें खिचडीसोबत तें दोन वर्षेंपर्यंत चालूं ठेवावें. आरंभ दोन-तीन चमच्यांनीं करावा. वर्षाच्या आंत मीठ, साखर घालूं नये, आणि मध तर चाटवूंही नये. त्यापासून तान्ह्यास घातक विषबाधा होण्याचा संभव असतो. खिचडी ताजी करावी, सकाळची रात्रीं देऊं नये. ढाळ लागल्यास अंगावरचें दूध व अन्न बंद करूं नये. जलसंजीवनी देत राहावें. ढाळांत रक्त दिसलें, मूल मलूल झालें अथवा पिईनासें झालें, तर विलंब न लावतां डॉक्टरांकडे न्यावें.

शेवटीं कारकुनी हिशेब. एका मुलास रोज 25 ग्रॅम डाळ धरली, तर वर्षास सुमारें 9 किलो होते. सालपट व चुरी वजा जातां त्यास 12-13 किलो मूग लागेल. मूग हें साठ-सत्तर दिवसांचें पीक. त्यांतून एवढा मूग काढून ठेवणें कोणाही खातेदारास जड नाहीं. तो उन्हांत कडक वाळवून, निराळ्या डब्यांत भरून, वर मुलाचें नांव घालावें, आणि पट्टी बाजारांत करण्यापूर्वींच हें करावें. आमच्या घरीं आतां तसा डबा आहे. नातू पुन्हां बाळसें धरूं लागला आहे. आणि डब्याला हात लावण्याची परवानगी सूनबाईनें आम्हांस दिलेली नाहीं, हें ठीकच झालें.