दृष्टी, कृती आणि उसाचा फड

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम तोंडावर येतो आणि बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतून, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. या स्थलांतराची चर्चा उचल, मुकादम, मुलांची शाळा आणि स्त्रियांचे आरोग्य या अंगांनी होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु फडात उभा राहिलेला कामगार नेमके काय पाहतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मनुष्य वस्तू कशी ओळखतो, याविषयीच्या संशोधनाशी या प्रश्नाचा जवळचा संबंध आहे.

वस्तू ओळखणे म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरील प्रतिमेतून कडा व आकार वेगळे काढून ते स्मृतीतील नमुन्यांशी पडताळणे, ही विचारसरणी दीर्घकाळ प्रभावी राहिली. डेव्हिड मार यांच्या 1982 च्या ग्रंथाने तिला गणिती चौकट दिली आणि 1987 मध्ये अर्व्हिंग बीडरमन यांनी वस्तूंचे आकार दंडगोल, शंकू, ठोकळा अशा मोजक्या मूलघनाकृतींच्या जुळणीतून ओळखले जातात, असा सिद्धान्त मांडला. टेबलावरच्या कपाला तो चांगला लागू पडतो. फडात मात्र ऊस सुटा दिसतच नाही. पाचटाने झाकलेले, काही ठिकाणी आडवे पडलेले, एकमेकांत गुंतलेले बेट समोर असते आणि त्यातून एक ऊस वेगळा दिसणे हेच मुळात त्याला हात घालण्याशी जोडलेले असते.

कोयत्याचा घाव बुडख्याशी, जमिनीलगत बसावा लागतो, कारण खालच्या कांड्यांत साखर अधिक असते आणि खोडकी उंच राहिली तर नुकसान होतेच, शिवाय खोडव्याची फूटही चांगली येत नाही. वरच्या टोकाला पक्व ऊस कोठे संपतो आणि वाढे कोठे सुरू होते, ते क्षणात हेरावे लागते. हे वाढे जनावरांचा चारा होते आणि मोळी बांधायलाही उपयोगी पडते. नवरा-बायकोच्या जोडीत बहुधा पुरुष तोडतो, तर साळणे, वाढे छाटणे आणि मोळी बांधणे ही कामे स्त्री करते. म्हणजे एकाच उसात दोघांना वेगवेगळ्या गोष्टी ठळक दिसतात, कारण दोघांच्या हातांना त्याच्याकडून वेगवेगळे काही हवे असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी 1979 च्या ग्रंथात यासाठी ‘अफोर्डन्स’ ही संकल्पना सविस्तर मांडली. वस्तू पाहणाऱ्याच्या देहाला जी कृती करू देते, ती शक्यता म्हणजे अफोर्डन्स, आणि ती थेट दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी 1963 मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिलांच्या जोड्यांवर केलेल्या प्रयोगात एक पिलू स्वतः चालत होते, तर दुसरे त्याला जोडलेल्या पाळण्यात बसून जवळपास तेच दृश्य पाहत होते. चालणाऱ्या पिलाची दृष्टी हालचालींना नीट दिशा देऊ लागली, पाळण्यातील पिलाची देऊ शकली नाही.

पुढे मेंदूतील रचनाही उलगडत गेली. मेल्व्हिन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी तपासलेल्या, डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीच्या मेंदूला 1988 मध्ये कार्बन मोनॉक्साइडमुळे इजा झाली होती. समोरची फट उभी आहे की तिरपी, हे तिला सांगता येत नसे, तरीही हातातील कार्ड त्या फटीत ती बिनचूक सरकवत असे. यावरून दृष्टीचे दोन प्रवाह मानले गेले: एक वस्तू कोणती आहे हे ओळखणारा आणि दुसरा हाताला वाट दाखवणारा.

याच उदाहरणाचा दुसरा अर्थही दुर्लक्षून चालणार नाही, कारण त्यात कृती शाबूत असूनही ओळख हरपली होती. अवजारांची नुसती चित्रे पाहतानाही मेंदूतील हालचालींशी निगडित भाग जागे होतात, असे लिंडा चाओ आणि ॲलेक्स मार्टिन यांनी 2000 मध्ये दाखवले. परंतु मेंदूच्या आघातानंतर अवजार वापरता न येणारे काही रुग्ण त्याचे नाव मात्र बरोबर सांगतात. म्हणून कृतीशिवाय ओळखच नाही, हा टोकाचा दावा टिकत नाही. कोयता म्हणजे काय हे चित्रावरूनही कळते. घाव कोठे घालायचा ते मात्र कोयता चालवूनच दिसू लागते.

हात आणि डोळा यांचे नाते जन्मजात नसते, याचा पुरावा भारतातूनच आला. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या मुलांना, हाताने चाचपलेली वस्तू नुसत्या नजरेने ओळखता आली नाही; थोड्याच दिवसांत मात्र ते जमू लागले. 2011 च्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक रिचर्ड हेल्ड हेच होते, ही बाब मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे.

हात आणि डोळा यांचे असे नाते जुळायला सराव लागत असेल, तर अनेक हंगामांत घडलेली ऊसतोड कामगाराची नजर हे शिकून कमावलेले कौशल्य आहे आणि या कामाला अकुशल मजुरी म्हणणे चुकीचे आहे. तोडणी यंत्रे येत आहेत, पण त्यांना रुंद सरी लागते, म्हणून हाताच्या तोडणीचा प्रश्न संपलेला नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांनी या नजरेचा आणि हालचालींचा अभ्यास हाती घ्यावा, आणि साखर संघ व कामगार संघटना तोडणीचा दर ठरवायला बसतील तेव्हा टनांच्या हिशेबात या कौशल्याचे, विशेषतः मोळी बांधणाऱ्या स्त्रीच्या कौशल्याचे, मोल धरले जावे.