माग थांबले तेव्हा ताई-दादांचं काय झालं?

बालमित्रांनो, रात्रभर खटाखट-खटाखट असा आवाज चालू असेल तर तुम्हांला झोप लागेल का? आम्हां भिवंडीकरांना लागते! आमचं गाव यंत्रमागांचं. दिवसपाळी संपली की रात्रपाळी सुरू. घरी पाहुणा आला की बिचारा रात्रभर कूस बदलत राहतो आणि आम्ही मात्र ढाराढूर! पण २५ मार्च २०२० पासून करोनामुळे देशभर टाळेबंदी लागली आणि हे माग गप्प झाले. आमच्या गल्लीतल्या एक आजी म्हणायच्या, "बाई, या शांततेनंच मेली झोप उडवली!"

माग थांबले, पगार थांबले. परप्रांतांतून आलेले कामगार गावाकडे निघाले. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरसाठी खास श्रमिक गाडी सुटली. हे सगळं मोठ्या माणसांचं झालं. लहान मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' सुरू झाली. पण मधल्यांचं काय? म्हणजे तुमचे सोळा ते बावीस वर्षांचे ताई-दादा. ते धड लहान नाहीत, धड मोठे नाहीत. त्यांच्याकडे कोणाचंच नीट लक्ष नव्हतं, असं मला तरी वाटतं.

त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. "मज्जाच की!" म्हणाल तुम्ही. तेही तसंच म्हणाले, चार दिवस! पुढच्या वर्षी, २०२१ ला, दहावीची अख्खी परीक्षाच रद्द झाली. नववी-दहावीच्या मूल्यमापनावरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के! पण पेढे देताना मुलं ओशाळल्यासारखी हसत होती. 'करोनाची बॅच' म्हणून लोकांनी त्यांना चिडवलं ना! जी परीक्षा त्यांना देऊच दिली नाही, तिच्यावरून चिडवणं मला बरं वाटलं नाही.

माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा अठरा वर्षांचा होता. नाव सांगत नाही हं. चौथीत असताना वर्गात सगळ्यांत जास्त बडबड त्याचीच! वडील मागावर कामाला. घर एका खोलीचं, माणसं सहा आणि मोबाइल एक. दिवसभर तो मोबाइल धाकट्या भावंडांच्या ऑनलाइन वर्गाला लागायचा, म्हणून याच्या वाट्याला रात्र यायची. पहाटे चारला झोपायचं, दुपारी बाराला उठायचं. जेवण नको, मित्रांचे फोन नकोत. विचारलं की एकच उत्तर, "काही नाही." आई म्हणायची, "आळशी झालाय नुसता!"

तो आळस नव्हता. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडतो आणि आपले डोळे पेंगू लागतात. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की हे घड्याळ पुन्हा जुळतं. किशोरवयात ते मुळातच थोडं मागे पडतं. त्यात रात्री तोंडासमोर मोबाइलचा उजेड, सकाळी शाळा-कॉलेज नाही, ऊन नाही, मग घड्याळ बिघडणारच की! झोप बिघडली की मन चिडचिडं होतं, मन खट्टू झालं की झोप येत नाही. दोघं एकमेकांचे पाय ओढतात.

शरीराचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं खेळावं-पळावं. अठराच्या पुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं. एका खोलीत सहा माणसं असताना पळायचं कुठे? कपाटाभोवती?

या मुलाचा धाकटा भाऊ हुशार. तो रोज सहा वाजता दादाला ओढत गच्चीवर न्यायचा. आधी नुसतंच बसणं, मग सूर्यनमस्कार, मग शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याची औषधं आणून देणं. लगेच सगळं ठीक झालं नाही. कॉलेजचं एक वर्ष गेलंच. पण तीन महिन्यांनी त्याची बडबड परत आली, आणि आईनेच "आता जरा गप्प बस" म्हटलं.

दुसऱ्याच्या उपयोगी पडलं की दिवसाला आकार येतो. जून २०२० मध्ये आमच्या शांतीनगरच्या मक्का मशिदीत प्राणवायूची सोय असलेलं मोफत केंद्र उघडलं होतं, कुठल्याही जातिधर्माच्या रुग्णासाठी. अशा कामांत हात दिलेले तरुण आजही त्या दिवसांबद्दल ताठ मानेनं बोलतात.

आता जरा आईबाबांशी बोलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, आणि तरुणांना त्याची झळ जास्त बसली. २०२१ च्या सुरुवातीला युनिसेफने २१ देशांत पाहणी केली. भारतातल्या १५ ते २४ वयाच्या सातांपैकी एकाने सांगितलं, 'अनेकदा उदास वाटतं किंवा कशात रस वाटत नाही.' मला त्याहून दुसरा आकडा जास्त बोचला. मन बिघडलं तर कोणाची तरी मदत घ्यावी, असं २१ देशांत सरासरी ८३ टक्के तरुण म्हणाले; आपल्याकडे फक्त ४१ टक्के! ताप आला की आपण लगेच डॉक्टर गाठतो, आणि मनाचं दुखणं मात्र 'लोक काय म्हणतील' म्हणून गादीखाली सरकवतो.

तेव्हा, मूल दोन आठवडे सलग गप्प असेल, जेवणखाण, झोप, आवडता खेळ सुटला असेल, 'मी नसतो तर बरं' असं काही बोललं, तर रागावू नका. 'नाटकं करतोय' म्हणू नका. जवळ बसा, ऐका आणि डॉक्टरांकडे न्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. क्रमांक १४४१६. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ हाही आहे. माझ्या चौथीच्या मुलांनी दोन्ही आकडे अर्ध्या मिनिटात पाठ केले. आता तुम्ही पाठ करा, आणि ताई-दादांनाही म्हणून दाखवा!